कॅम्पर व्हॅनच्या देखभालीसाठी मीटर: साधा मल्टिमीटर की डीसी क्लॅम्प?

चाकावरचं_घर

नमस्कार मंडळी,

कॅम्पर व्हॅनचं वायरिंग स्वतःच सांभाळायचं ठरवलं आहे आणि त्यासाठी एकच, पण नीट मीटर घ्यायचा आहे. घरभागात १२ व्होल्टच्या, प्रत्येकी १०० अँप-अवरच्या दोन लीड-अ‍ॅसिड बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. छतावर सोलर, १००० वॅटचा इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, एलईडी दिवे. मुक्कामी बाहेरची वीज मिळाली तर चार्जर चालतो.

सध्या दोन दुखणी आहेत. पंप सुरू झाला की दिवे मंदावतात आणि पंपही दमल्यासारखा आवाज करतो. दुसरं म्हणजे, गाडी सावलीत आठवडाभर नुसती उभी राहिली तरी बॅटरी उतरते, सगळी बटणं बंद असताना. बॅटऱ्या बदलून टाका असं दोघा-तिघांनी सुचवलं, पण मोजल्याशिवाय बदलायची इच्छा नाही.

हाताशी २००० काउंटचा, म्हणजे १९९९ पर्यंतचे आकडे दाखवणारा, छोटा मीटर आहे, रेंज हाताने फिरवायचा. नव्या मीटरमध्ये ट्रू आरएमएस (एसीचा खरा परिणामी व्होल्टेज मोजणं) हवंच का? क्लॅम्प (वायरीभोवती जबडा मिटवून करंट मोजणारा मीटर) घ्यावा का? कॅट २, कॅट ३ हे सुरक्षेचे वर्ग किती मनावर घ्यायचे? ओहमचा नियम येतो, त्यापुढचं समजावून सांगितलंत तर बरं होईल.

तारतम्य

चांगला धागा. थोडं सविस्तर लिहितो, कारण मीटरबद्दलचा बहुतेक सल्ला घरगुती वायरिंगच्या हिशेबाने दिलेला असतो आणि तो व्हॅनला लागू पडत नाही.

घरात व्होल्टेज जास्त, करंट कमी. व्हॅनमध्ये नेमकं उलट. तुमचा १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरीतून ९५ अँपच्या आसपास ओढेल. १००० भागिले १२ म्हणजे ८३, वर इन्व्हर्टरचा स्वतःचा तोटा. साध्या मल्टिमीटरची करंटची मर्यादा बहुधा १० अँप असते, तीही अनेकदा काही सेकंदांपुरतीच. म्हणजे व्हॅनमधला सगळ्यात मोठा करंट त्याने थेट मोजताच येत नाही. दुसऱ्या टोकाला, उभ्या गाडीत गुपचूप बॅटरी खाणारा करंट असतो अर्ध्या अँपच्या आत. तो मल्टिमीटरने मोजता येतो, पण त्यासाठी सर्किट तोडून मीटर मध्ये जोडावा लागतो. तोडलं की काही उपकरणं रीसेट होतात आणि जे शोधतोय तेच काही वेळ गायब होतं.

म्हणून माझं मत: एकच मीटर घ्यायचा तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. व्होल्ट, ओहम, कंटिन्युइटी हे सगळं त्यातही असतंच.

पण घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. इलेक्ट्रिशियनकडे दिसणारे बरेचसे टाँग टेस्टर फक्त एसी करंट मोजतात. त्यांच्या जबड्यात ट्रान्सफॉर्मर असतो आणि ट्रान्सफॉर्मरला डीसी दिसत नाही. खोक्यावर ‘एसी/डीसी’ लिहिलेलं असतं ते कधी कधी फक्त व्होल्टेजबद्दल असतं. अँपच्या रेंजपाशी डीसीची खूण, म्हणजे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, आहे का ते डायलवरच पाहा. डीसी क्लॅम्पमध्ये हॉल सेन्सर असतो. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेला हा परिणाम आता जबड्याच्या फटीत बसवलेल्या एका चिमुकल्या चिपमध्ये काम करतो, आणि तारेला हात न लावता करंट सांगतो.

दुसरी गोष्ट रेझोल्यूशन. ४०० किंवा ६०० अँपचा क्लॅम्प ०.१ अँपच्या पायरीने दाखवत असेल तर इन्व्हर्टरसाठी तो उत्तम, पण गुपचूप गळतीसाठी निरुपयोगी. गळती शोधायला १० मिलिअँप किंवा त्याहून बारीक पायरी हवी. युनि-टीचा यूटी२१०ई हा छोटा क्लॅम्प व्हॅनवाल्यांमध्ये लोकप्रिय आहे तो यामुळेच. त्याला २ अँपची रेंज आहे आणि तिथे तो १ मिलिअँपची पायरी दाखवतो. मात्र त्याची वरची मर्यादा १०० अँप. तुमच्या इन्व्हर्टरला जेमतेम पुरेल, स्टार्टर मोटरला अजिबात नाही.

दुपारचं_ऊन

तारतम्य यांच्याशी बरंचसं सहमत, पण एका बाबतीत वेगळं मत मांडतो.

क्लॅम्प त्या क्षणाचा करंट सांगतो. बॅटरी किती भरलीय, दिवसभरात किती आलं आणि किती गेलं, हे तो सांगत नाही. त्यासाठी बॅटरीच्या निगेटिव्हला शंट (सगळा करंट ज्यातून जातो असा अगदी छोटा, ठरलेला रोध) आणि बॅटरी मॉनिटर लागतो. माझ्या मते मॉनिटर आधी, क्लॅम्प नंतर. आणि बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट असतील तर याला पर्यायच नाही. लीड-अ‍ॅसिड काही तास विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा भरलेली, १२.१ च्या आसपास निम्मी, हे तरी मीटरवरून कळतं. लिथियमचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात १३.० ते १३.२ एवढ्यातच रेंगाळतो.

आता मीटरची अचूकता बघा. मीटरवर ‘०.५ टक्के अधिक २ अंक’ लिहिलं असेल तर १३.२० व्होल्टला चूक होते ०.०६६ अधिक ०.०२, म्हणजे जवळपास ०.०९ व्होल्ट इकडे किंवा तिकडे. १३.१ आणि १३.२ मधला फरक या चुकीतच बुडाला. अशा वाचनावरून लिथियम बॅटरी किती टक्के उरलीय हे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

शंट बसवलेला असेल तर साधा मल्टिमीटरही मोठा करंट मोजू शकतो. नेहमीच्या शंटवर ‘५०० अँप, ५० मिलिव्होल्ट’ असं कोरलेलं असतं. म्हणजे १० अँपला १ मिलिव्होल्ट. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रोब शंटच्या दोन छोट्या स्क्रूंवर टेकवा. ९.५ मिलिव्होल्ट दिसले तर ९५ अँप चालू आहेत.

मुक्कामपोस्ट

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. क्लॅम्पच्या जबड्यात दोन्ही वायर एकत्र घेतल्या तर चालतं का? माझ्या व्हॅनमध्ये सगळीकडे जोड-वायर आहे, लाल-काळी एकाच आवरणात.

तारतम्य

@मुक्कामपोस्ट: नाही. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. फ्यूज बॉक्सपाशी जिथे वायरी सुट्या होतात तिथे एकच वायर जबड्यात घ्या. छोटा करंट असेल आणि वायरीला ढील असेल तर तीच वायर जबड्यातून पाच वेळा गुंडाळा आणि आकड्याला पाचाने भागा. बारीक करंटला हा फार उपयोगी उपाय आहे.

आणखी एक. डीसी क्लॅम्प दर वेळी शून्यावर आणावा लागतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा त्याला जाणवतं. जबडा वायरीजवळ, ज्या दिशेने धरणार आहात त्याच दिशेने, रिकामा मिटवून धरा, शून्याचं बटण दाबा, मगच वायर आत घ्या. जवळ स्पीकर असेल तर जागा बदला.

@दुपारचं_ऊन: मॉनिटरबद्दल पूर्ण सहमत. पण मॉनिटर एकूण करंट सांगेल, कुठल्या वायरीतून गळतोय ते नाही. वायरीगणिक फिरायचं तर क्लॅम्पच लागतो.

रेवा_वाहते

+१. आणि धागाकर्त्यांना एक सुचवू का? पहिलं दुखणं शोधायला नवा मीटर येईपर्यंत थांबू नका. पंप आणि दिव्यांचं जे वर्णन केलंत त्यावरून मला बॅटरीपेक्षा वायरीतला व्होल्टेज ड्रॉप वाटतो, आणि तो तुमच्या छोट्या मीटरने मोजता येतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर. पंप चालू ठेवा, कारण करंट वाहत नसेल तर ड्रॉप दिसतच नाही. आधी बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज घ्या, मग पंपाच्या टोकांवर. फरक दिसला तर तो कुठे हरवतोय ते शोधा. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा पंपाच्या पॉझिटिव्हवर. जो आकडा येईल तेवढा ड्रॉप त्या बाजूला. मग तसंच निगेटिव्हला. निगेटिव्ह बाजू लोक विसरतात, आणि व्हॅनमध्ये निगेटिव्ह बरेचदा गाडीच्या पत्र्यातून परत येतो.

१२ व्होल्टला ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट, एवढं जाऊन-येऊन मिळून चालून जातं. त्याहून जास्त असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड खराब आहे.

प्रोबची वायर पंपापर्यंत पोचणार नाही. कुठलीही बारीक इन्सुलेटेड वायर जोडून लांब करा. व्होल्ट मोजताना मीटर साधारण १० मेगओहमचा असतो, त्यामुळे लांब बारीक वायरीने वाचनात काही फरक पडत नाही. फक्त बॅटरीकडच्या टोकाला १ अँपचा इनलाइन फ्यूज टाका, म्हणजे वायर कुठे घासून पत्र्याला लागली तरी आग नाही.

आणि कंटिन्युइटीच्या पी-पी आवाजावर विसंबू नका. तो मीटरनुसार ३०-५० ओहमच्या खाली कुठेही वाजतो. वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी वाजेल.

चाकावरचं_घर

रेवाताई, तुम्ही सांगितलंत तसं केलं. आकडे देतो.

पंप चालू असताना बॅटरीवर १२.५. पंपाच्या टोकांवर १०.९. पॉझिटिव्ह बाजूला ०.३ व्होल्ट. निगेटिव्ह बाजूला १.३!

मग निगेटिव्हचा प्रोब बॅटरीवरच ठेवून दुसरा एकेक जोड मागे आणत गेलो. फ्लोअरखाली घरभागाच्या सगळ्या काळ्या वायरी एका बोल्टवर येतात, तिथून जाड केबल बॅटरीला जाते. बोल्टवर १.२, आणि त्याच केबलच्या तांब्यावर, लगच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) पलीकडे, ०.१. म्हणजे एका लगमध्ये १.१ व्होल्ट. बाहेरून लग चकचकीत होता. श्रिंक स्लीव्ह कापली तर आत तारांवर हिरवी पूड साचलेली आणि क्रिम्प नुसता चिमटा दिल्यासारखा, थोडं ओढलं तर निम्म्या तारा बाहेर आल्या. पंप ६ अँप घेतो असं त्याच्यावरच लिहिलंय, म्हणजे तिथे साडेसहा वॅट उष्णता होत होती. दिवेही त्याच बोल्टवर, म्हणून तेही मंदावत होते.

बॅटरी स्वतः १२.५ वर ठाम होती हे बघून फार बरं वाटलं.

तारतम्य

झकास! रोग रेड्याला आणि औषध पखालीला झालं असतं. नवा लग षटकोनी डाय असलेल्या क्रिम्परने दाबा, आणि चिकट अस्तराची श्रिंक स्लीव्ह वापरा, म्हणजे दमट हवा आत जाणार नाही. मग परत मोजा. त्या लगमध्ये काही मिलिव्होल्टच उरायला हवेत.

जोडजंतर

उशिरा आलो. आता जरा एसी बाजूबद्दल, कारण धाग्यात सगळे १२ व्होल्टवरच बोलताहेत आणि जीव घेणारी बाजू ही दुसरी आहे.

कॅट हे किती व्होल्ट मोजता येतात त्याबद्दल नाही, मोजताना लाइनवर अचानक उसळी आली तर मीटर हातात फुटणार नाही याबद्दल आहे. आयईसी ६१०१० या मानकातून हे वर्ग आले आहेत. प्लगमध्ये लागणारी उपकरणं कॅट २, वितरण पॅनेल आणि पक्कं वायरिंग कॅट ३, पुरवठा इमारतीत शिरतो तिथे कॅट ४. मुक्कामाच्या जागी खांबावरच्या पेटीत प्रोब घालणार असाल तर किमान कॅट ३, ६०० व्होल्ट घ्या. वर उल्लेख आलेला यूटी२१०ई कॅट ३ ला ३०० व्होल्टपर्यंतचाच आहे, तेव्हा तो डीसीसाठी उत्तम समजा, पुरवठ्याच्या पेटीसाठी नव्हे. प्रोबवरही वर्ग छापलेला असतो. मीटर आणि प्रोब यांपैकी जो कमी, तोच तुमचा खरा वर्ग.

मल्टिमीटर घेतलात तर त्यातला फ्यूज बघा. काचेचा नको, वाळू भरलेला सिरॅमिक हवा. लाल प्रोब १० अँपच्या भोकात राहिला आणि तो कुणी बॅटरीवर व्होल्ट मोजायला टेकवला, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्टच. लिथियम बॅटरी त्या क्षणी शेकडो अँप देऊ शकते. डीसी क्लॅम्पचा एक मोठा फायदा इथे आहे. बऱ्याच क्लॅम्पना अँपचं वेगळं भोकच नसतं.

ट्रू आरएमएसबद्दल: डीसीला काही संबंध नाही. शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टरलाही फारसा नाही. पण मॉडिफाइड साइन वेव्ह असेल तर हवंच. साधा मीटर सरासरी काढून तिला १.११ ने गुणतो, आणि ते गणित फक्त साइन वेव्हला बरोबर येतं. समजा इन्व्हर्टर ३२५ व्होल्टचे चौकोनी ठोके निम्मा वेळ देतोय. खरा आरएमएस २३०. साधा मीटर दाखवेल १८०. माणूस इन्व्हर्टर बिघडला म्हणून खोलून बसतो, आणि इन्व्हर्टर ठणठणीत असतो.

जनरेटर असेल तर मीटरला हर्ट्झ असू द्या. थेट चालणाऱ्या दोन पोलच्या जनरेटरला मिनिटाला ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ, ३६०० ला ६०. गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) ढिला झाला की आधी इथे कळतं.

मुक्कामपोस्ट

नुसता जवळ नेला की लुकलुकणारा टेस्टर पेन आहे माझ्याकडे. वीज बंद आहे की नाही बघायला तो पुरतो ना?

जोडजंतर

नाही, कृपया त्याच्या भरवशावर वायरीला हात घालू नका. तो पेन फक्त एसी ओळखतो, डीसीला गप्प बसतो, आणि शील्ड असलेल्या वायरीवर एसी असूनही गप्प बसू शकतो. बंद आहे याची खात्री मीटरने, आणि तीही तीन पायऱ्यांत: आधी चालू असलेल्या ठिकाणी मीटर दाखवतोय ना ते बघा, मग बंद केलेल्या ठिकाणी मोजा, मग पुन्हा चालू ठिकाणी. मधल्या वेळात मीटरचाच सेल गेला किंवा प्रोबची वायर आत तुटली तर फक्त तिसऱ्या पायरीत कळतं.

उलटंही होतं. बंद वायरीवर मीटर ४०-५० व्होल्ट दाखवतो, शेजारच्या चालू वायरीमुळे. अशा वेळी लो-झेड मोड उपयोगी पडतो. फ्लूक ११७ या मल्टिमीटरमध्ये तो आहे, बऱ्याच क्लॅम्पमध्येही येतो. त्यात मीटर काही हजार ओहमचा होतो आणि खोटा व्होल्टेज कोसळतो. फेज आणि अर्थिंगमध्ये लो-झेडने मोजलंत तर अर्थ लीकेजचा ब्रेकर पडेल हे लक्षात असू द्या. ३००० ओहमला २३० व्होल्ट म्हणजे ७७ मिलिअँप, आणि तो ब्रेकर बहुधा ३० ला पडतो. त्यात ब्रेकरचा दोष नाही.

दुपारचं_ऊन

काउंटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून पुरवणी. २००० काउंटचा मीटर १२ व्होल्टला १२.६४ असे दोन दशांश दाखवतो, कारण २० च्या रेंजमध्ये बसतो. पुढे २४ व्होल्टची सिस्टिम केलीत तर तोच मीटर २०० च्या रेंजवर जाईल आणि २६.४ एवढंच दाखवेल. ४००० काउंटला ४० च्या रेंजमध्ये २४ व्होल्ट बसतो, ४८ नाही. ६००० काउंटला ६० ची रेंज मिळते, त्यात ४८ व्होल्टची सिस्टिमही चार्जिंगसकट दोन दशांशांत दिसते. मी ६००० च्या खाली घेणार नाही.

चाकावरचं_घर

लग बदलला. बोल्ट ते केबल आता ४ मिलिव्होल्ट, पंपावर १२.१. दिवे हलत नाहीत.

दुसऱ्या दुखण्यासाठी मित्राचा बारीक रेंजचा क्लॅम्प आणला. सगळं बंद, सोलर झाकलेलं, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर ०.६२ अँप! दिवसाला १५ अँप-अवर, म्हणजे आठवड्यात २०० पैकी निम्मी बॅटरी गायब. मग एकेक वायर. गॅस डिटेक्टर ०.०८, तो राहणारच. व्होल्ट दाखवणारे यूएसबी सॉकेट ०.०३. इन्व्हर्टर ०.४५! त्याचं पुढचं बटण बंद असलं तरी रिमोटच्या वायरीमुळे तो जागाच राहत होता.

क्लॅम्प परत द्यायच्या आधी छोट्या मीटरने फ्यूजवरचा ड्रॉपही मोजून पाहिला. ब्लेड फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, तिथे प्रोब टेकवायचे, फ्यूज काढायचा नाही. दिव्यांच्या १० अँपच्या फ्यूजवर सगळे दिवे लावून १५ मिलिव्होल्ट आले. क्लॅम्पवर २ अँप. म्हणजे फ्यूजचा रोध साडेसात मिलिओहम.

रेवा_वाहते

बरोबर आहे, १० अँपचा ब्लेड फ्यूज ७-८ मिलिओहमच्या घरातच असतो. म्हणजे मिलिव्होल्टची ०.१ ची पायरी असलेल्या कुठल्याही मीटरला १३-१४ मिलिअँप दिसतात. फक्त दुसऱ्या अँपचा फ्यूज असेल तर रोध वेगळा, तेवढं पाहा. क्लॅम्प जिथे शिरत नाही अशा कोंदट फ्यूज बॉक्ससाठी ही पद्धत मला जास्त आवडते.

इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हला बॅटरी स्विच टाका, किमान १५० अँपचा, आणि बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर तो त्याच्याही आधी.

चाकावरचं_घर

ठरवलं. एसी/डीसी करंटचा क्लॅम्प, ६००० काउंट, ट्रू आरएमएस, लो-झेड, कॅट ३ ६०० व्होल्ट, खालची रेंज १० मिलिअँपच्या पायरीची आणि वरची ४०० अँप किंवा जास्त. छोटा मीटर ड्रॉप आणि फ्यूजसाठी गाडीतच राहील. अजून काही बघायला हवं का?

तारतम्य

जबड्याचं तोंड. तुमची इन्व्हर्टरची केबल आवरणासकट किती जाड आहे ते मोजा आणि ती जबड्यात मोकळी जाते का बघा. जबडा पूर्ण मिटला नाही तर वाचन चुकतं.

आणि आपोआप बंद होणं थांबवता येतं का तेही पाहा. गळती मोजताना गाडी बंद केल्यावर तिचे कंट्रोलर झोपी जायला अर्धा तास लागू शकतो. बरेच मीटर त्याआधीच, १५ मिनिटांत बंद होतात, आणि मग परत शून्यावर आणण्यापासून सुरुवात.